दोनदा दाबायचं

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा डायरी. ऑफिसात बोलण्यासारखं कुणी नाही. घरी बोललं की बेबी म्हणते, "वहिनी, तुला किळस येत नाही असं जगात काही आहे का गं?" बेबी म्हणजे माझी नणंद. अडतीस वर्षांची आहे, पण घरादाराची बेबीच. नवरा महिन्यातले तीन आठवडे फिरतीवर, त्यामुळे घरात मी, ती आणि माझी लेक ठकी. ठकी चार वर्षांची.

ऑफिसच्या सिंकमध्ये शुक्रवारचे कप तसेच पडले होते. एकात दुधाची साय धरून निळसर झाली होती. टिश्यूने उचलला आणि कपासकट कचऱ्यात टाकला. मालक विचारतील तेव्हा बघू.

मालकांना वेळही नव्हता म्हणा. सकाळीच एका बापाचा फोन आला होता. आमचं ॲप पाळणाघरं वापरतात. दाराशी टॅब टांगलेला असतो, त्यावर मुलांची नावं. मूल आलं की नावावर दाबायचं, नाव हिरवं होतं: मूल आत. निघालं की त्याच नावावर पुन्हा दाबायचं, नाव पांढरं होतं: मूल बाहेर. मूल जेवलं का, झोपलं का, ते आईबापांना फोनवर कळतं. तर या बापाने फोन उघडला आणि त्याला दिसलं, 'ताप आहे, लगेच या.' काम टाकून धावत गेला. पोरगा मजेत खेळत होता. ती नोंद मागच्या गुरुवारची होती. एक क्षण दिसून गेली आणि मागून आजचं पान आलं, पण तोवर तो जिन्यात होता.

कारण मला माहीत आहे. ती लायब्ररी.

४ सप्टेंबर, बुधवार

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या कोडचं तयार गाठोडं. आपण आणायचं आणि लावायचं. हिचं काम असं की पान बदलताना सगळं पान नव्याने आणायचं नाही, फक्त मधला भाग बदलायचा. आणि तो येईपर्यंत जुन्या पानाची साठवलेली प्रत दाखवत राहायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, वा, काय पटकन उघडलं. उष्ट्या ताटावरच वाढायचं आणि वर म्हणायचं, बघा कसं चटकन वाढलं. मला तर वाचतानाच मळमळलं.

ही आणली गुळगुळ्याने. खरं नाव लिहीत नाही. शेजारच्या टेबलावर बसतो, प्रत्येक गोष्ट 'गुळगुळीत' झाली पाहिजे हा त्याचा ध्यास, आणि कीबोर्ड असा की उलटा केला तर आठवड्याचा नाश्ता पडेल. बोलताना पेनाचं टोपण चावतो. मग तेच पेन मला देतो.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. गुळगुळ्या म्हणाला, ही काढली तर दर वेळी स्क्रीन पांढरी होईल, पाळणाघरातले टॅब जुने, नेट रडतखडत चालतं, बायका वैतागतील. मी म्हटलं, पांढरी स्क्रीन निदान खोटं तरी बोलत नाही. मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि निर्णय माझ्या गळ्यात घातला. ठेवायची की काढायची ते तुम्हीच ठरवा, म्हणाले, आणि जे होईल ते तुमचं. मला आवडलं हे.

५ सप्टेंबर, गुरुवार

ठकीला आणायला गेले. तीही आमचं ॲप वापरणाऱ्याच पाळणाघरात आहे, आणि बेबी तिथे नोकरीला. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहते. आत दूध, ओले कपडे आणि तीस मुलांचा मिळून एक वास असतो, तो माझ्या केसांत बसतो. ठकीला बेबी दारापर्यंत आणून देते.

आज सहज टॅबकडे नजर गेली. अगं आई गं. जाम, शेंबूड, कुणाची लाळ वाळलेली, खडूचे ठसे. बेबी म्हणाली, "वहिनी, तुमचं ते बटण पहिल्यांदा लागतच नाही. दोनदा दाबावं लागतं. आम्ही पोरांना गाणंच शिकवलंय, पहिलं खोटं, दुसरं खरं." ठकीने लगेच म्हणून दाखवलं, हातवारे करून.

लागेल कसं? बोटं चिकट, काच चिकट. मी म्हटलं, आधी पुसा तो, मग बोला. पर्समधला टिश्यू काढून दिलासुद्धा. बेबी हसली आणि त्याच टिश्यूने एका पोराचं नाक पुसलं. माझं पुढचं जेवण गेलं.

९ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस लायब्ररी काढून बघते आहे. माझ्या फोनवर, ऑफिसच्या नेटवर. सगळं व्यवस्थित. लायब्ररी असतानाही नाव पहिल्याच दाबण्याला हिरवं होतं, नसतानाही होतं. म्हणजे बटणात काही खोट नाही. स्वच्छ काच, स्वच्छ बोट, विषय संपला.

आतला कोड मात्र बघवत नाही. या लायब्ररीशी जुळवून घ्यायला गुळगुळ्याने जागोजागी ठिगळं लावली आहेत, आणि त्या ठिगळांवर ठिगळं. एके ठिकाणी त्याने स्वतःच टीप लिहिली आहे, 'हे का चालतं कळत नाही, हात लावू नये.' वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. काढायला हरकत नाही म्हणाला. मला धक्काच बसला. पण आधी एक दिवस पाळणाघरात जाऊन बसू, बायका टॅब कसा वापरतात ते बघू. तुमच्या घरच्याच आहेत ना तिथे? आणि तेलाचे डाग पडलेला एक कागद पुढे केला. त्यावर त्याने चित्र काढलं होतं, एका बटणाऐवजी दोन बटणं, 'आलं' वेगळं आणि 'गेलं' वेगळं. डागांतून अक्षरं आरपार दिसत होती. मी कागद दोन बोटांनी धरून बाजूला ठेवला आणि तो गेल्यावर टाकून दिला.

दिवसभर त्या वासात बसायचं? मला माझं काम येतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं. काढायची. रविवारी पाळणाघरं बंद असतात, तेव्हा बदल करायचा.

मध्ये दोन दिवस माझंच मन खालीवर होत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. पांढरी स्क्रीन मलाही आवडलेली नाही. जुन्या टॅबवर दोन-दोन श्वास थांबावं लागेल. मालक विचारत होते, एवढं करून गिऱ्हाईकाला काय दिसणार? मी म्हटलं, खरं दिसणार. त्यांनी चहा मागवला. कप मी विसळून घेतला.

सगळ्या पाळणाघरांना सूचना पाठवली: पान उघडायला आता किंचित वेळ लागेल, पण दिसेल ते ताजंच असेल. गुळगुळ्याने विचारलं, दाबण्याबद्दल काही लिहायचं का? दाबण्याबद्दल काय लिहायचं? बटण कसं दाबावं हे मोठ्या माणसांना शिकवायचं?

१५ सप्टेंबर, रविवार

काढली. तिच्याबरोबर ठिगळंही गेली. इतका कोड पुसला की हात धुतल्यासारखं वाटलं. खूप दिवसांनी कामात समाधान मिळालं. संध्याकाळी घरातला फ्रीजही रिकामा करून धुतला. बेबीने तिची कसलीशी वाटी मी फेकली म्हणून थोडी कुरकुर केली.

१६ सप्टेंबर, सोमवार, सकाळी

घाईत. बेबी ठकीला घेऊन पुढे गेली. जाताना गालावर हात धरून दाढेबद्दल काहीतरी सांगत होती. चारला की काहीतरी. मी तेव्हा फोनवर होते.

एकाही पाळणाघराची तक्रार नाही. फक्त ठकीच्याच पाळणाघराच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, म्हणाल्या, काही नावं उलटी दिसताहेत. मी सांगितलं, टॅब पुसा आणि पान पुन्हा उघडा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लिहिते आहे. नाही लिहिलं तर डोक्यातून जाणार नाही.

काल गुळगुळ्याशी पांढऱ्या स्क्रीनवरून वाद झाला आणि मला उशीर झाला. पाळणाघरापाशी पोचले तर दाराला कुलूप, आत अंधार. मला राग आला. बेबी ठकीला घेऊन परस्पर घरी गेली आणि एक फोनही नाही. मी रस्त्यात थांबून हात धुवायच्या साबणाच्या बाटल्या घेतल्या. निवडून घेतल्या.

घरी बेबी एकटी होती. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी विचारलं, ठकी कुठाय? तिने खुणेनेच विचारलं, तुझ्याबरोबर नाही?

दाढ काढायला ती चारलाच निघाली होती. ठकीला मी नेणार, असं सकाळी मला सांगून.

आम्ही धावलो. मोठ्या बाई फोन उचलेनात. बेबीकडे मागच्या दाराची किल्ली असते. आत शिरून आम्ही दिवे लावले. झोपायच्या खोलीत कुणी नाही. स्वयंपाकघरात नाही, न्हाणीत नाही. मी हाका मारत होते, आणि बेबीला तर तोंडातल्या कापसामुळे हाकही मारता येत नव्हती. ती सरळ मागच्या पॅसेजमध्ये गेली. तिथे धुवायच्या चादरी टाकायची मोठी टोपली आहे. मुलांच्या शी-शूच्या चादरी. त्यात खाली, ढिगाच्या आत, ठकी झोपली होती. रडून रडून तोंड सुजलं होतं. अंधाराला घाबरून त्यात शिरली असणार. मी कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर काढलं, छातीशी धरलं. ओली होती, आंबूस वास येत होता. मला कशाचीही किळस आली नाही. आता हे लिहिताना येते आहे.

जागी झाली आणि माझ्या कडेवरून बेबीकडे झेपावली. लागलं ते मला. खोटं कशाला लिहू?

कसं झालं तेही आता कळलं. बेबीने काल सकाळी सवयीने ठकीचं नाव दोनदा दाबलं. पहिल्या दाबण्याला हिरवं झालं, दुसऱ्याला पांढरं. ती पोरांच्या गडबडीत पुढे गेली. लायब्ररी होती तोवर टॅबवर आधी जुनी प्रत यायची. तिच्यावर दाबलेलं वाया जायचं, नवं पान आल्यावर दुसरं दाबणं तेवढं लागायचं. आमच्या ऑफिसात नेट पळतं, त्यामुळे मला ते दिसलंच नाही. आता जुनी प्रतच नाही, म्हणून दोन्ही लागतात. इतर मुलांची उलटी नावं बेबीने दुपारपर्यंत एकेक करून सरळ केली. ठकीचं राहिलं. बेबी म्हणाली, ती माझ्या कडेवरच होती, तिचं काय बघायचं?

संध्याकाळी मोठ्या बाईंनी टॅब पाहिला. सगळी नावं पांढरी. म्हणजे आत कुणी नाही. दिवे घालवले, कुलूप लावलं. पूर्वी त्या खोल्या फिरून बघायच्या. ॲप बसवताना आमच्याच ऑफिसच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की आता त्याची गरज नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक झाली. आमचे मालक, गुळगुळ्या, मी, बेबी. मला खुर्ची दिली तिच्यावर बिस्किटाचा चुरा होता. उभीच राहिले.

मोठ्या बाईंचा चेहरा दोन दिवसांत उतरला आहे. त्या बेबीला म्हणाल्या, "एकदा दाबायचं बटण दोनदा दाबलंच कशाला?"

"सवय होती," बेबी म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही यांची सवय तुम्हाला माहीत होती?"

"नाही," मी म्हटलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

बेबीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. गाल अजून सुजलेलाच. वाटलं, काहीतरी बोलेल. मग खाली बघत म्हणाली, "माझी चूक. मी सांगायला हवं होतं."

तिला नोकरीवरून काढलं. मोठ्या बाईंना आईबापांना काहीतरी उत्तर द्यायला हवंच होतं, त्यांची बाजूही मला कळते. मीच मुलीची आई, मी तक्रार करणार नाही म्हटलं, तरी उपयोग झाला नाही. बेबीने कपाटातून आपला ॲप्रन काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. या नोकरीसाठी ती किती वर्षं थांबली होती ते मला माहीत आहे. पण मग तोंड उघडायचं ना वेळेवर. सांगायला हवं होतं म्हणे. गप्प बसणाऱ्या माणसांची मला चीड येते.

जिन्यात गुळगुळ्या मागून आला आणि हळूच म्हणाला, "त्या तुमच्याच घरी राहतात ना?" काय सुचवायचं होतं त्याला? त्याच्या ओठाला पेनाची शाई लागली होती. शिसारी आली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मालक म्हणतात, लायब्ररी परत लावा. होतं तेच बरं होतं. मी म्हटलं, खोटं दाखवणारी गोष्ट परत आणायची? तेव्हा बाप धावला होता, आता मूल कोंडलं गेलं, म्हणून पुन्हा बाप धावू द्यायचा? ते म्हणाले, मग तुम्ही सांगा काय करायचं, सोमवारपर्यंत. मला काही सुचत नाही. लायब्ररी वाईटच आहे, यावर मी ठाम आहे. पण ती काढून झालं ते त्याहून वाईट झालं, हेही मला दिसतं.

घर चकचकीत आहे. बेबी दिवसभर घरात, सगळं घासूनपुसून ठेवते. मला हवं तसं. तरी मला ते आवडत नाही. ठकीला सकाळी मीच नेते. ती पायरीवरच बसून राहते आणि आत्या कुठाय म्हणून विचारते. मी आत जात नाही, त्यामुळे आतून कुणीतरी येऊन तिला ओढून नेतं.

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी मी सिंक घासत होते. ठकीने स्वयंपाकघराच्या दाराला डब्याचं झाकण टेकवलं होतं आणि बाहुल्यांना एकेक करून आत घेत होती. दर बाहुलीला झाकणावर दोनदा बोट मारायची आणि म्हणायची, पहिलं खोटं, दुसरं खरं. मी म्हटलं, आता तसं नाही करायचं राणी, आता एकदाच दाबायचं.

ती म्हणाली, "पण आत्याने तर तुला सांगितलं होतं. दारात. तू म्हणालीस, आधी पुसा."

नळ वाहत राहिला. मला तो टिश्यू आठवला. आधी टिश्यूच आठवला, मग त्या पोराचं नाक, आणि मग बेबीचं बोलणं. अख्खं वाक्य आठवलं. गाण्यासकट. ऐकलं होतं मी. काच बघत होते, म्हणून नुसतं कानावरून गेलं.

मला माझीच शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

बेबीच्या खोलीत मी सहसा जात नाही. केसांच्या तेलाचा वास असतो. आज गेले आणि तिच्या पलंगावर बसले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी म्हटलं, तू मला सांगितलं होतंस. बैठकीत बोलली का नाहीस?

तिने घडी पूर्ण केली. "मला वाटलं, तुला आठवतंय आणि तू मुद्दाम नाही म्हणालीस. तुझी नोकरी आहे, घर त्यावर चालतं. म्हणून म्हटलं जाऊ दे."

"नाही गं. मला खरंच आठवत नव्हतं."

तिने हातातली घडी खाली ठेवली. "ते जास्त वाईट आहे, वहिनी," म्हणाली. रागाने नाही म्हणाली. मग उशीचा अभ्रा उचलला आणि त्याची घडी घालायला लागली. मी दुसरं टोक धरलं.

उद्या आधी मोठ्या बाईंकडे जाणार, मग मालकांकडे. बैठकीत बोलले ते खोटं होतं, मला सांगितलं गेलं होतं, हे दोघांना सांगायचं. माझं काय व्हायचं ते होईल. बेबी म्हणते, काही उपयोग नाही, तिच्या जागी शनिवारीच दुसरी बाई आली. तरी जाणार आहे. लायब्ररी परत लावायची नाही. पण आहे तेही चालणार नाही. गुळगुळ्याकडून ते दोन बटणांचं चित्र पुन्हा काढून घ्यायला हवं, आणि पहिल्याचं काय केलं तेही त्याला सांगावं लागेल.

आणि दिवसभर पाळणाघरात बसायचं आहे, आत, टॅबशेजारी. मोठ्या बाई बसू देतील की नाही माहीत नाही. पर्समधले टिश्यू काढून ठेवले आहेत.